बेनीआ, बेनीआस, बेनीआ…

बातमी बसच्या कंडक्टरने आणली. आमच्या गावात फोन एकच, पंचायतीच्या ऑफिसात, आणि तोही बहुतेक वेळा मुकाच. आदिलाबादेहून काही कळवायचं तर दुपारच्या बसशिवाय इलाज नाही. मी चौथीच्या पोरांना भागाकार समजावत होते. बस फाट्यावर थांबायची ती सरळ शाळेपुढे येऊन थांबली, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. कंडक्टर तेलुगू माणूस, आम्हा दोघींना वर्षानुवर्षं ओळखणारा. तो खाली उतरला आणि त्याच्या हिंदीत म्हणाला, "टीचरम्मा, बडी टीचरम्मा सुबह गुजर गए." एवढं बोलून तो तसाच उभा राहिला… बसमधली माणसंही खिडक्यांतून बघत होती. मी त्याला पाणी विचारलं. काही सुचेनासं झालं की माणूस असलंच काहीतरी विचारतं.

बडी टीचरम्मा म्हणजे आमची रत्नमाला. आता महिना उलटून गेला तिला जाऊन. ती माझी नात्यातली कोणी नाही, पण बोथच्या बाजूच्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या या गावात, मराठी शाळेत, आम्ही दोघी जवळजवळ सारं आयुष्य शेजारी राहिलो. ती आदिलाबादेजवळच्या मावला गावची. बाप दुसऱ्याच्या शेतात राबलेला, पोरगी शिकून मास्तरीण झाली, याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो ती लपवायची नाही. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "वेळ नाई भेटला" म्हणायची. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली. गावाने आम्हाला कवेलूच्या छपराच्या एका लांबट घरातल्या दोन खोल्या दिल्या होत्या, मागे एकच न्हाणी, पुढे एकच ओटा. मधली भिंत मातीची, आणि ती आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. वरून हातभर मोकळी. माझ्या फोडणीने तिला ठसका लागायचा, तिचा रेडिओ मला ऐकू यायचा. भांडणंसुद्धा आम्ही भिंतीवरूनच करायचो, उठून जायचा कंटाळा.

स्वभावाने कडक. शाळेच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली की स्वतः स्टुलावर चढून तोडायची आणि त्याच मिरचीचा ठेचा करायची. अंगारे-धुपारे, नजर, उतारा, असलं काही दिसलं की तिचं डोकं फिरायचं. आम्ही दोघी धम्म स्वीकारलेल्या घरातल्या, पण मी जरा ढिली, तिच्या मते. मांजर आडवं गेलं की मी अजूनही क्षणभर थांबते. त्यावरून ती मला पोरांसमोर चिडवायची. शिवाय मी स्वयंपाक करताना भाकरीशी बोलते, असा तिचा माझ्यावर कायमचा आरोप. "सुलू, काय म्हनते तुझी भाकर आज?" असं भिंतीवरून विचारायची. मी म्हणायची, काही बोलत नाही मी, उगाच. माझी आईसुद्धा असंच म्हणायची, पण मला ते कधी खरं वाटलं नाही.

हायवेजवळ परदेशी सिस्टर लोकांचा एक लहानसा दवाखाना होता. पंच्याऐंशीच्या आसपास तिथे सिस्टर पिलार आली. स्पेन देशाची. उंच, लालबुंद, केस पांढरे. बायका तिला दवाखान्याची माय म्हणत. तेलुगू तिला चांगली यायची, पण आमच्याकडच्या बाया मराठी, आणि पोट दुखतं की कंबर, एवढं कळल्यावाचून औषध द्यायचं कसं? म्हणून ती दर गुरुवारी दुपारच्या बसने रत्नमालेकडे मराठी शिकायला यायची. बदल्यात काय देऊ म्हणाली. रत्नमाला म्हणाली, तुमची भाषा द्या थोडी. खरं सांगायचं तर रत्नमालेला भाषेचं डोकंच नव्हतं. तेलुगूत सही करायला शिकली तेव्हा तिने पेढे वाटले होते. पण सिस्टर म्हणाली ते मी या कानांनी ऐकलंय. म्हणाली, "सगळी नको. एकच शब्द नीट शिका. मी बोलले तर इकडे कोणी उत्तर देत नाही माझ्या भाषेत… खूप वर्षं झाली."

तो एक शब्द म्हणजे येणे. तिच्या गावी म्हणे संध्याकाळी सगळे घरी येत, शेळ्या येत, बाप येई, समुद्राचा वारा येई. म्हणून आत्ताचं येणं तिला नको होतं, पूर्वीचं हवं होतं, रोज रोज घडायचं ते. मी यायची, तू यायचीस, ती यायची. आम्ही यायचो, तुम्ही यायचात, त्या यायच्या. इंग्रजांना हे धड सांगताच येत नाही, तुमच्याकडे मात्र आहे, म्हणून सिस्टर केवढी खूश झाली होती! तिच्या भाषेत ते असं होतं: बेनीआ, बेनीआस, बेनीआ. बेनीआमोस, बेनीआइस, बेनीआन. रत्नमालेने ते पाढ्यासारखं धरलं, तिला दुसरी पद्धतच ठाऊक नव्हती. पाढे आम्ही पोरांकडून घेतो ते अर्धे एका रांगेने, अर्धे दुसऱ्या रांगेने म्हणायचे. तसंच या दोघी करू लागल्या. पहिले तीन रत्नमालेचे, पुढचे तीन सिस्टरचे. रत्नमाला ठोकळ्यासारखं म्हणायची. सिस्टर मात्र सुरात, शेवटचं "आन" जरा लांबवून, दारातून कोणाला हाक मारावी तसं. मी भिंतीपलीकडे चुलीपाशी बसून हसायची. दर गुरुवारी, दिवेलागणीला, शेवटची बस येईपर्यंत हे चाले.

अशी काही वर्षं गेली. मग निर्मलच्या घाटात दवाखान्याची जीप उलटली आणि सिस्टर पिलार गेली. रत्नमाला रडली नाही. शाळेत यायची, शिकवायची, घरी जाऊन दार लावायची. संध्याकाळी ती रोज बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणे. तेवढा तिचा आवाज यायचा, बाकी सारं चिडीचूप. आणि एका गुरुवारी वंदना संपल्यावर भिंतीवरून आलं… बेनीआ, बेनीआस, बेनीआ. मग थांबली. तीन शब्द मावतील एवढीच थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून, बेनीआ, बेनीआस, बेनीआ. पुढचे तीन ती म्हणेना. ते तिचे नव्हतेच ना. माझ्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही करतं, जाईल दोनचार दिवसांनी. गेलं नाही. पुढे गुरुवारचंही राहिलं नाही, रोजचंच झालं. वंदना झाली की बेनीआ. आणि कशाचीही सवय होते, तशी मला त्याचीही झाली. तिकडे तिचे तीन शब्द, इकडे माझ्या भाकरीचे थापे, पुन्हा तिचे तीन शब्द.

मग विंचवाचं प्रकरण झालं. आमच्या मागे गंगूबाईचा गोठा. गंगूबाई कास्तकाराची बायको, घरी कापूस आणि ज्वारी, जीव लावणारी, पण देवधर्म आणि भुताखेतांवर तिचा भरवसा डॉक्टरपेक्षा जास्त. कापूस वेचताना तिच्या नातीला विंचू चावला. ती पोरीला उचलून सरळ रत्नमालेच्या दारात. म्हणाली, बाई, तुमी रोज म्हनता तो मंत्र टाका. रत्नमालेने कपाळाला हात लावला. मंत्र! तिने, जन्मभर मंत्रवाल्यांशी भांडलेल्या बाईने! ती गंगूबाईला चार शब्द सुनावून पोरीसकट बैलगाडीत बसली आणि दवाखान्यात घेऊन गेली. पण वाटेत पोर ओरडायची थांबेना, तेव्हा तिला गुंतवायला म्हणून रत्नमालेने तिच्याकडून बेनीआ म्हणवून घेतलं. पोर म्हणत म्हणत शांत झाली, तिकडे इंजेक्शन मिळालं, विंचू उतरला. झालं! गावभर एकच, मोठ्या बाईच्या मंत्राने विंचू उतरतो. लोक तापाची पोरं घेऊन येऊ लागले. रत्नमाला त्यांना हाकलायची, ओरडायची, समजावून सांगायची की अहो हे नुसतं व्याकरण आहे. व्याकरण म्हणजे काहीतरी फारच जबर असणार, अशी लोकांची खात्री झाली.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण एक दिवस दूध घालताना गंगूबाई मला हळूच म्हणाली, "बाई, मोठ्या बाईसंग सांजंले कोन बोलते ओ?" मी म्हटलं, कोणी नाही, एकटीच असते. तिने दुधाचं माप खाली ठेवलं. म्हणाली, "दोघी बोलतात. मी रोज गोठ्यात आयकतो. एक मोठी बाई, अन् दुसरी ते दवाखान्याची माय. शेवटी कशी लांबवत जाय, तशीच लांबवते."

तिला मी हसून वाटेला लावलं, पण त्या संध्याकाळी भाकरी थापताना माझे कान त्या हातभर मोकळ्या जागेकडे लागले होते. वंदना झाली. बेनीआ, बेनीआस, बेनीआ… आणि शांतता. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी गंगूबाईही म्हणाली, काल एकच आवाज आला. मग पुन्हा काही दिवस, दोन आवाज. पुढे गोठ्यात धारा काढणारी तिची सूनही तेच म्हणाली. मी रोज त्या भिंतीला लागून बसलेली, अन् मला एक आवाज. त्यांना दोन. कान माझे चांगले, डोकं ठिकाणावर, तरी मला अंधार पडायच्या आत दार लावावंसं वाटू लागलं.

शेवटी मी ठरवलं, काय आहे ते समोर बसूनच बघू. काहीतरी निमित्त काढून दिवेलागणीला तिच्या खोलीत गेले, पाटावर बसले. तिने वंदना म्हटली. मीही म्हटली. मग माझ्याकडे न बघता, वर भिंतीच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत तिने म्हटलं, बेनीआ, बेनीआस, बेनीआ. आणि थांबली. मेणबत्ती सरळ जळत होती. मी श्वास धरून बसलेली. काहीच आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबली, या वेळी जरा जास्त. पोराची बस चुकली की आईचं तोंड होतं तसं तिचं तोंड होत गेलं. मग ती उठली आणि मला नाही, स्वतःलाच म्हणाली, "आज नाई आली."

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. जी बाई लिंबू-मिरचीचा ठेचा करते तीच असं बोलते? त्या दिवसापासून मी तिच्याशी भिंतीवरून बोलणं कमी केलं.

गोष्ट विहारापर्यंत गेली. पौर्णिमेला आमच्या वस्तीच्या विहारात सामुदायिक वंदना रत्नमालाच घ्यायची, मी या गावात आले त्याच्याही आधीपासून. पांढरं लुगडं नेसून ती पुढे बसायची, आणि तिच्या मागून सगळी वस्ती. एवढा एकच मान तिने आयुष्यात मनापासून हवा म्हणून घेतला होता. कमिटीच्या लोकांनी तिला बोलावलं, मीही गेले. त्यांनी नीटच विचारलं, उगाच कशाला खोटं बोलू. म्हणाले, बाई, तुम्हीच आम्हाला मंत्र-तंत्र सोडायला शिकवलं, आणि तुमच्या घरात मेलेली बाई बोलते असं लोक म्हणतात, हे काय? ती म्हणाली, मी एका भाषेचा धडा म्हणते. ते म्हणाले, बरोबर आहे, पण मग दुसरी कोण बोलते? त्यावर ती गप्प. एवढंच सांगा, म्हणाले, की दुसरं कोणी नाही, लोक ऐकतात ते खोटं आहे. तेही ती म्हणेना. मान खाली घालून लुगड्याच्या काठाशी खेळत राहिली. पुढच्या पौर्णिमेपासून वंदना दुसऱ्या बाईकडे गेली, आणि रत्नमाला मागच्या रांगेत, दाराजवळ बसायला लागली. तिथे चपलांचा ढीग असतो.

त्या दिवशी घरी येताना मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, काऊन बोलली नाईस? एक शब्द बोलायचा होता. तुझी सारी इज्जत गेली, अन् तू मूग गिळून बसलीस! ती पुढे चालत राहिली. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी उभी होती, कापूस फुटलेला. मग म्हणाली, "सांगतलं तं बंद पडंन ते, सुलू." मला वाटलं, बाई हातची गेली. सिस्टर गेली त्या दिवशीच गेली ही. मी खूप चिडले होते तिच्यावर, आणि खूप जीवही तुटत होता, दोन्ही एकदम.

पुढे वर्षं गेली. लोकांनी तिचा नाद सोडला, विंचवाच्या मंत्राचाही. दोन आवाजांचं गंगूबाईला काही वाटेनासं झालं. "झालं का दोघींचं?" असं ती शेजाऱ्याची खुशाली विचारावी तसं विचारायची. आमचंही भिंतीवरून बोलणं परत सुरू झालं. माणूस किती दिवस घाबरून राहणार? मग रत्नमालेच्या पायांवर सूज आली. किडनीचं दुखणं निघालं. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं तिला. दर रविवारी मी जायची. शेवटच्या रविवारी तिला जरा बरं होतं, उशीला टेकून बसली होती. मी डब्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी नेली होती. तिने तुकडा मोडला, आणि भाकरीकडे बघून हसायला लागली. जुनंच विचारलं, काय म्हनते तुझी भाकर? मी म्हटलं, गप बस, मी नाही बोलत भाकरीशी.

तिने तुकडा खाली ठेवला. "तुले खरंच नाई मालूम?" म्हणाली.

काय नाही मालूम, मी विचारलं.

"तूच तं म्हनतेस. बेनीआमोस, बेनीआइस, बेनीआन. इतकी वर्सं. मी थांबलो का तिकडून तू म्हनतेस. पयल्यांदा आयकलं तवा मी बी भ्यालो होतो, मले वाटलं सिस्टरच आली. मंग मदात भाकरीचा थापा आयकू आला."

ती सावकाश सांगत गेली. माझ्या ध्यानात असलं की मी म्हणायची नाही. कान देऊन बसले की नाही, तिच्या खोलीत जाऊन बसले तेव्हा तर नाहीच. हात पिठात असले आणि मन कुठेतरी असलं, की बरोबर तिच्या थांबण्यात माझे तीन शब्द यायचे, सिस्टरच्या सुरात, शेवटचं लांबवून. मी ते सिस्टरकडूनच ऐकलेले, तर दुसऱ्या कोणाच्या सुरात म्हणणार? आणि विहारात तिने हे सांगितलं असतं, की अहो, ती माझी शेजारीण पुटपुटते, तर ती त्याच घडीला सुटली असती. पण मला कळलं असतं. मला कळलं असतं तर मी लाजले असते, हसले असते, आणि माझं म्हणणं कायमचं थांबलं असतं. मग तिला उत्तर कोण देणार? म्हणून तिने पांढरं लुगडं नेसून चपलांच्या ढिगाजवळ बसणं पत्करलं.

मला रडू फुटलं. वॉर्डातल्या बाया बघायला लागल्या. मी म्हटलं, अगं बये, मला सांगितलं असतंस तर मी जाणूनबुजून म्हटलं असतं, रोज म्हटलं असतं! तिने मान हलवली. ते वेगळं झालं असतं, म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, आता कळलं तरी थांबू नको. मी म्हटलं, तू घरी ये, तू सुरू कर, मी म्हणते की नाही बघ. ती हो म्हणाली… त्यानंतर चौथ्या दिवशी बस शाळेपुढे येऊन थांबली.

तिची खोली बंद आहे. किल्ली माझ्याकडे, चुलीवरच्या खिळ्याला. सुरुवातीचे दिवस मी संध्याकाळी नुसती बसून राहायची. एकदा ठरवून, मोठ्याने म्हणून बघितलं. घशातून आवाज निघाला, पण पहिले तीन शब्द माझ्या तोंडात बसेनात, मी ते कधी म्हटलेच नव्हते. मी नुसतं उत्तर द्यायची. आपणहून सुरुवात माझ्याकडून कधीच झाली नव्हती, आणि उत्तर काही हवेला देता येत नाही. मी सोडून दिलं.

मागच्या आठवड्यात भाकरी थापत होते. शाळेत नवे मास्तर येणार, त्यांना ती खोली द्यायची आहे, किल्ली कधी देता म्हणून मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, त्याच विचारात होते. भाकर तव्यावर टाकली, हात झटकले, आणि जिभेवर काहीतरी रेंगाळतंय असं वाटलं. ते शेवटचं, लांबवलेलं "आन" होतं. माझं म्हणून झालं होतं. मी तशीच बसले. तव्यावरची भाकर करपली. मागून गोठ्यातून गंगूबाईने नेहमीसारखी हाक दिली, झालं का दोघींचं? मी म्हटलं, दोघी कुठल्या गंगूबाई, ती गेली ना, मी एकटीच पुटपुटत होते. मग ती म्हणाली, "एकल्याच व्हत्या? मंग पयलं कोन बोललं?"

मुख्याध्यापकांना मी सांगून टाकलं, नव्या मास्तरांना दुसरी खोली बघा, ही मी घेते. त्यांनी कारण विचारलं तर मी म्हटलं, सामान ठेवायला. मला भीती वाटत नाही असं नाही. दिवेलागणीला अजूनही अंगावर काटा येतो, तो येऊ दे. पण आता मी कान देत नाही. कान दिला की काही येत नाही, हे मला तिनेच शिकवलंय. त्या हातभर मोकळ्या जागेकडे बघतसुद्धा नाही. मेणबत्ती लावते, वंदना म्हणते, पीठ मळते, आणि मनाला शाळेत, बाजारात, कुठेही जाऊ देते. मग थापता थापता कधीतरी ध्यानात येतं, की माझं म्हणून झालंय. म्हणजे तिचंही झालेलं असतं.